लॅपटॉप बदलायचा की फक्त ऑपरेटिंग सिस्टीम?

शिंदखेड्यात अनेक घरांत मुलामुलींच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना लॅपटॉप अजून चालतो. अडचण वेगळी आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. मशीन बंद पडत नाही, पण सुरक्षा अपडेट थांबतात. अशा लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. हे असेल तर अपग्रेड मोफत होते.

नसेल, तर नव्याचा खर्च करण्याआधी लिनक्स मिंट किंवा उबुंटू बघा, असे आम्ही सुचवतो. दोन्ही मोफत आहेत आणि इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. मराठी आणि उर्दू टायपिंग होते, लिब्रेऑफिसमध्ये प्रोजेक्ट लिहिता येतो, स्कॉलरशिपचा फॉर्म ब्राउझरमध्ये भरता येतो. मात्र टॅली आणि फोटोशॉप यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. कॉमर्सच्या मुलांनी हे आधी लक्षात घ्यावे. इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून फोटो, मार्कशीट, दाखले आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

महाग लॅपटॉप कोणासाठी? व्हिडिओ एडिटिंग, कॅड असे जड काम असेल त्यांच्यासाठी. बाकी अभ्यासाला ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरते. जुन्या मशीनमधली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तरी वेग बराच वाढतो. नुसत्या नावासाठी व्याजाचे हप्ते डोक्यावर घेऊ नका. तो पैसा मुलांच्या फीला लागेल.