मोनोसुपाप इंजिन

सेगँ बंधूंच्या नोम कंपनीचे हे फ्रेंच विमान-इंजिन १९१३ मध्ये आले. त्यात क्रँकशाफ्ट विमानाला पक्का जखडलेला. सिलिंडर मात्र पंख्यासह गरगर फिरत.

फिरत्या सिलिंडरांना इंधन द्यायचे कसे? उत्तर देखणे होते: पोकळ क्रँकशाफ्टमधून. तिथून पेट्रोल क्रँककेसमध्ये फवारले जाई. नेहमीचा कार्बुरेटर नव्हता. नोमच्या आधीच्या इंजिनात आत घेणारी झडप पिस्टनच्या माथ्यावर असे. ती नाजूक झडप इथे काढूनच टाकली. पिस्टन खाली निघाला तरी एक्झॉस्ट झडप थोडा वेळ उघडी राही आणि तिच्यातूनच ताजी हवा येई. ती मिटली की पोकळी निर्माण होई; पिस्टन तळाशी पोचताच सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रे उघडून क्रँककेसमधले पेट्रोलने दाट झालेले मिश्रण आत ओढले जाई. म्हणून नाव मोनोसुपाप, म्हणजे एकझडपी.

वंगणाला एरंडेल, कारण ते क्रँककेसमधल्या पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही.