पाबळची लॅब, चिचपल्लीचा बांबू

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साथीने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक. लेझर कटरने प्लायवूडचा डबा कापायचा, मिलिंग यंत्राने आतलं सर्किट कोरायचं, दोन्ही जोडून उपकरण तयार. खेड्यातल्या मुलांच्या हाती ही यंत्रं आली, हे फार मोठं काम झालं.

अशी लॅब चंद्रपूर-गडचिरोलीत चालवायची तर तिथे मात्र मुख्य माल बांबूचा.

चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राला २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. बांबू गोल, पोकळ, पेरागणिक जाडी बदलणारा. लेझरखाली तसाच ठेवून भागत नाही. आधी तो चिरायचा, गाठी तासायच्या, पट्ट्या एका जाडीच्या करायच्या. त्या चिकटवून सपाट फळी झाली की मगच कटर नीट चालतो. यातलं चिरणं-तासणं बुरूड कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कोयत्याने करत आलेत.