हमाल, गाढव आणि बैल

१९८९च्या ‘सिमसिटी’ या संगणकावरच्या खेळात रस्ता हवा असला की तिजोरीतून पैसे कापले जात आणि रस्ता जागच्या जागी तयार होई. सामान कुठून आलं, कुणी वाहिलं, हा प्रश्नच नव्हता. तो खेळाच्या मध्यभागी आणला १९९३च्या ‘द सेटलर्स’ने. फोल्कर व्हेर्टिश या जर्मन प्रोग्रॅमरने ब्लू बाइट कंपनीसाठी अमिगा संगणकावर हा मध्ययुगीन गेम रचला.

त्यात रस्ता दोन निशाणांच्या मध्ये टाकायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक हमाल मिळायचा. लाकूडतोड्याचा ओंडका निशाणापाशी येऊन पडतो. हमाल तो पुढच्या निशाणापर्यंत नेतो, तिथून दुसरा उचलतो. असा हातोहात तो करवतीच्या कारखान्यात पोचतो आणि फळ्या होऊन पुन्हा त्याच वाटांना लागतो. एका खेपेत एकच नग! त्यामुळे तुकडा लांब असला की हमालाचे हेलपाटे संपत नाहीत आणि निशाणापाशी माल तुंबतो. उपाय एकच: मध्ये आणखी एक निशाण रोवायचं. तुकड्याचे दोन होतात, हमालही दोन. निशाणांची आखणी फसली, तर खाणीतलं सोनंही वाटेतच अडकून पडतं.

१९९६च्या दुसऱ्या भागात, रोमन वसाहतीत, वर्दळीच्या रस्त्यावर हमालाच्या जोडीला गाढव आलं. पण गाढवांच्या पैदाशीला धान्य आणि पाणी लागे, आणि तेही याच तुंबलेल्या रस्त्यांवरून आणावं लागे. शिवाय त्याच धान्यावर पिठाच्या गिरणीचाही डोळा. वाहतूक आता फुकट राहिली नव्हती.

१९९८च्या तिसऱ्या भागाने निशाणं आणि रस्ते काढूनच टाकले. २००१च्या ‘स्ट्राँगहोल्ड’मध्ये तर कामगार आपला माल स्वतःच कोठारात नेऊन टाकतो, म्हणून कोठार कुठे बांधलं, याला महत्त्व. दगड मात्र माणसाच्या आवाक्याबाहेरचा. त्यासाठी खाणीजवळ बैलाचा गोठा बांधावा लागतो.

तोच बैल २०२४च्या ‘मॅनर लॉर्ड्स’मध्ये गावाचा कणा झाला. सुरुवातीला बैल एकच. जंगलातला ओंडका ओढणारा तोच, आणि घरं, कोठारं, चर्च या सगळ्यांना लाकूड हवं. दुसरा बैल घ्यायचा तर पैसे मोजावे लागतात. नवखा खेळाडू उत्साहाने घरांमागून घरं आखत सुटतो. ती उभी राहतात मात्र बैलाच्या चालीने.