हातच्या कॅमेऱ्याला आरसा कशाला?

मंडळी, जुना डीएसएलआर बरा की नवा खिशातला कॅमेरा, हा वाद आमच्या ऑफिसात दर दिवाळीच्या आधी हमखास निघतो. कोणाच्या तरी कपाटात सुरुवातीच्या पगारातून घेतलेला निकॉन डी४० पडलेला असतो, आणि कोणाला तरी सोनी आरएक्स१०० सेकंडहँड मिळत असतो. मग मेगापिक्सेल निघतात. डी४०चे ६, आरएक्स१००चे २०. संपला वाद! निदान कँटीनमध्ये तरी संपतो.

मला मात्र वाटतं की हे दोन कॅमेरे म्हणजे एकाच प्रश्नाची दोन वेगळ्या काळांतली उत्तरं आहेत. प्रश्न असा: लेन्सला जे दिसतंय, तेच फोटो काढणाऱ्याला कसं दिसावं?

फिल्मच्या जमान्यात हा प्रश्न चांगलाच अवघड होता. फिल्म अंधारातच ठेवावी लागते, तिच्या मागून डोकावता येत नाही. मग एक तर लेन्सच्या बाजूला वेगळी खिडकी करा (तिच्यातून दिसणारं चित्र थोडं सरकलेलं असतं), नाही तर फिल्मच्या पुढ्यात तिरका आरसा ठेवा आणि ऐन क्षणी तो उचला. दुसऱ्या पद्धतीचा ३५ मिमी फिल्मवरचा किने एक्झाक्टा १९३६ साली जर्मनीत ड्रेस्डेनमध्ये तयार झाला. त्यात वरून वाकून बघावं लागे आणि डावं-उजवं उलटं दिसे. तिथल्याच १९४९च्या काँटॅक्स एसमध्ये पंचकोनी प्रिझम आला आणि डोळ्यासमोर सरळ चित्र दिसू लागलं. १९५४मध्ये जपानच्या असाहीफ्लेक्स टूबीमध्ये आरसा फोटो निघाल्यावर आपोआप खाली यायला लागला. आणि १९५९ साली निकॉन एफ आला.

निकॉन एफमध्ये लेन्स जिथे बसते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी ठरवलं गेलं. मध्ये आरसा हलायला जागा हवी ना! आता गंमत बघा. २००६ सालच्या डी४०मध्येही हे अंतर ४६.५ मिमीच आहे. आपल्या धंद्यात याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी ठरवलेला इंटरफेस, आणि त्याच्यावर उभी असलेली सगळी दुनिया. पण त्याची किंमत मोजावी लागते. १८ मिमीची लेन्स ४६.५ मिमी दूर बसवून चित्र नीट पाडायचं, तर आत जास्तीच्या काचा घालाव्या लागतात. लेन्स मोठी, म्हणून कॅमेरा मोठा, म्हणून बॅग मोठी.

मग डिजिटल युगात हा आरसा का राहिला? फिल्म गेली, सेन्सर आला, सेन्सरला जे दिसतं ते सरळ पडद्यावर दाखवा की! छोटे कॉम्पॅक्ट कॅमेरे तेच करत होते. पण त्यांच्यातल्या चांगल्या कॅमेऱ्यांचाही सेन्सर जेमतेम ७.२ × ५.३ मिमीचा, म्हणजे ३८ चौरस मिमी. डी४०चा २३.७ × १५.६ मिमी, म्हणजे सुमारे ३७० चौरस मिमी. जवळजवळ दसपट. हा मोठा सेन्सर आरशाविना वापरायला तीन अडचणी होत्या.

पहिली पैशाची. सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे सेन्सर थोडेच निघतात, आणि चकतीवर कुठे दोष असला तर अख्खा मोठा तुकडा वाया जातो. २००० साली कॅननचा डी३० आला तो सुमारे ३००० डॉलरला. ऑगस्ट २००३मध्ये कॅनन ३००डी ८९९ डॉलरला जाहीर झाला आणि हजार डॉलरच्या खालचा पहिला डीएसएलआर म्हणून त्याने बाजार हलवला. (यातला आपल्या कामाचा किस्सा: त्यात महागड्या १०डीचाच सेन्सर आणि प्रोसेसर होता, पण काही सोयी फर्मवेअरमध्ये बंद करून ठेवल्या होत्या. हौशी लोकांनी फर्मवेअर बदलून आयएसओ ३२०० वगैरे सोयी चालू करून दाखवल्या! :-) )

दुसरी अडचण वेगाची. पडद्यावर जिवंत चित्र दाखवायचं तर सेन्सर सेकंदाला निदान तीसेक वेळा वाचायला हवा. तेव्हाचे मोठे सेन्सर एकेक फोटो वाचण्यासाठी बनवलेले होते. सतत चालू ठेवले की तापायचे, आणि तापले की चित्रात ठिपके वाढायचे.

तिसरी अडचण फोकसची, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. डीएसएलआरमध्ये आरशामागून थोडा प्रकाश खाली एका वेगळ्या फोकस सेन्सरकडे जातो. तो एका मापात सांगतो की लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची. कॉम्पॅक्टमध्ये हे नसायचं. लेन्स थोडी हलवा, चित्र जास्त रेखीव झालं का बघा, पुन्हा हलवा, शिखर ओलांडलं की मागे या. अल्गोरिदमच्या पुस्तकातलं चक्क हिल क्लाइंबिंग! सेन्सर हळू वाचला जात असेल तर तोवर पोरगं फ्रेममधून पळालेलं असतं. जुन्या कॉम्पॅक्टवर बटण दाबल्यावर जो जीवघेणा वेळ जायचा, त्यातला बराचसा यातच जायचा.

म्हणजे मोठा सेन्सर आरशाच्या पेटीत राहिला, कारण तेव्हा दुसरीकडे तो स्वस्तात आणि चपळाईने चालवताच येत नव्हता. एंट्री-लेव्हल डीएसएलआर ही या तडजोडीची सर्वांत स्वस्त आवृत्ती. डी४० लेन्ससकट ६०० डॉलरच्या आसपास होता. त्यासाठी निकॉनने त्यातली फोकसची मोटार काढून टाकली, म्हणजे मोटार नसलेल्या जुन्या लेन्सना त्याच्यावर ऑटोफोकस होत नाही.

आरशाबाहेर पडायचे प्रयत्न होत होतेच. २००५ साली सोनीने आर१ काढला: मोठा सेन्सर, आरसा नाही, पडद्यावर जिवंत चित्र, पण वजन जवळजवळ एक किलो. सिग्माचा डीपी१ २००६मध्ये जाहीर झाला आणि २००८मध्ये दुकानात पोचला. तो खरंच खिशात मावायचा, पण लेन्स एफ/४ची, झूम नाही आणि कारभार संथ. २००८मध्येच पॅनासॉनिकच्या जी१ने सेन्सर झटपट वाचून आरशाविना चपळ फोकस करून दाखवला. मग २०११मध्ये फुजीफिल्मचा एक्स१०० बाजारात आला आणि २०१२मध्ये सोनीचा आरएक्स१००. किंमत सुमारे ६५० डॉलर, बॅटरीसकट वजन २४० ग्रॅम. डी४० लेन्स लावून सातशे ग्रॅमच्या आसपास जातो.

आता खरी तुलना. आरएक्स१००च्या सेन्सरला 'एक इंची' म्हणतात, पण हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलंय. प्रत्यक्षात तो १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे ११६ चौरस मिमी, डी४०च्या एक तृतीयांशाहूनही कमी. मग अंधारात डी४०च जिंकणार?

कागद-पेन्सिल घ्या. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागलं की लेन्सच्या छिद्राचा व्यास मिळतो. दोघांच्या झूमची रुंद बाजू जवळपास सारखंच दृश्य पकडते. डी४०च्या किट लेन्सची १८ मिमी, एफ/३.५. म्हणजे छिद्र ५.१ मिमी. आरएक्स१००ची १०.४ मिमी, एफ/१.८. म्हणजे छिद्र ५.८ मिमी! लहान सेन्सरचा कॅमेरा इथे एकूण प्रकाश थोडा जास्तच गोळा करतो. शिवाय त्याचा सेन्सर सहा वर्षांनी नवा. माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि घरात ट्यूबलाइटखाली रुंद बाजूने काढलेल्या फोटोंत आरएक्स१०० सहज पुढे असतो.

झूम पूर्ण ताणलं की पारडं फिरतं. डी४०चं छिद्र ५५ भागिले ५.६, म्हणजे ९.८ मिमी. आरएक्स१००चं ३७.१ भागिले ४.९, म्हणजे ७.६ मिमी. सेन्सरचा आकार धरून हिशेब केला तर डी४०ला दुपटीहून जास्त प्रकाश मिळतो. आणि डी४०वर निकॉनची २००९ साली आलेली ३५ मिमी एफ/१.८ लेन्स चढवली, तर छिद्र होतं १९ मिमी. इथे खिशातला कॅमेरा जवळपासही येत नाही. मागचं सगळं धूसर करणारी ती पोर्ट्रेट्स यातूनच येतात.

आणखी एक फरक आपल्याला भावणारा. आरएक्स१००च्या लेन्समधून रुंद बाजूला चित्र फुगीर येतं, सरळ रेषा पिंपासारख्या वाकतात. कॅमेरा त्या सॉफ्टवेअरने सरळ करून देतो. काचेचं काम कोडवर ढकललं, म्हणून लेन्स एवढी लहान झाली. डी४०च्या प्रिय व्ह्यूफाइंडरमध्ये उलट एक ओळ कोडही लागत नाही. बॅटरी काढून ठेवा, तरी दिसतं. भर उन्हात, जिथे आरएक्स१००चा पडदा आरशासारखा आपलंच तोंड दाखवतो, तिथे याची किंमत कळते.

थोडक्यात काय, डी४०ची खरी ताकद सेन्सरमध्ये नव्हतीच, लेन्स बदलता येण्यात होती. पण माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी दुसरी लेन्स कधी घेतलीच नाही. त्यांनी १९५९च्या इंटरफेसचं ओझं खांद्यावर वागवलं आणि त्याचा फायदा मात्र घेतला नाही. हौसेची वस्तू होती, हौस भागली, ठीक आहे. पण तसं असेल तर त्यांना आरएक्स१००च बरा.

पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहेच. फोनने दोघांनाही गाठलं. २०१०मध्ये जपानी कंपन्यांनी मिळून १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले होते, २०२३मध्ये ८० लाखसुद्धा नाहीत. निकॉनचा डी३५०० २०१८ साली आला, कॅननचा ८५०डी २०२० साली, आणि त्यानंतर या दोघांनी या वर्गात नवा डीएसएलआर काढलेला नाही. उलट मोठ्या सेन्सरच्या छोट्या कॅमेऱ्यांची हौस पुन्हा जागी झाली. २०२४मध्ये एक्स१००व्हीआय आला तेव्हा तो मिळवायला लोक कित्येक महिने थांबले.

असो. लेख लांबला. कपाटात डी४० असेल तर भंगारभावात विकू नका, एक जुनी ३५ मिमी लेन्स शोधा आणि एक महिना तेवढीच वापरून बघा. आणि ते करायचा कंटाळा येणार हे आत्ताच माहीत असेल, तर खुशाल आरएक्स१०० घ्या. आरशाची गरज संपून बरीच वर्षं झाली आहेत.