सिंधूची जबानी

मरणोन्मुख पत्नीनें मारेकरी पतीस वांचविण्यासाठीं खोटें बोलावें, या शेवटाचा अर्थ प्रेक्षकानें काय घ्यावा? शेक्सपीअरच्या 'ऑथेल्लो' नाटकांतील डेस्डेमोना अखेरच्या श्वासासरशीं आपल्या मृत्यूचा दोष स्वतःवर घेते. या नाटकावरून ऑर्सन वेल्स यांनीं मोरोक्को व इटली येथें चित्रित केलेला बोलपट १९५२ सालीं कान येथील महोत्सवांत गौरविला गेला. त्याचा आरंभच अंत्ययात्रेनें होतो. शेवट आधींच कळल्यामुळें 'पुढें काय' ही उत्कंठा सरते आणि 'हें टळलें असतें काय' एवढाच प्रश्न उरतो.

मराठी प्रेक्षकांस ही कथा देवलांच्या 'झुंझारराव' नाटकानें परिचित करून दिली. परंतु त्या असत्याची वेदना आपल्या मध्यमवर्गीय घरांत आणली ती गडकऱ्यांनीं. २३ जानेवारी १९१९ रोजीं सावनेर येथें त्यांचें निधन झालें आणि पुढील महिन्यांत 'एकच प्याला' रंगभूमीवर आलें. मद्यधुंद सुधाकराच्या हातून मूल मरतें, सिंधू प्राणांतिक घायाळ होते. तरी फौजदारासमोर ती पतीस निर्दोष ठरविते. मागाहून सुधाकर विष मिसळलेला प्याला ओठांस लावतो. कित्येकांस या शेवटांत पातिव्रत्याचा कळस दिसला, कित्येकांस मद्यपाननिषेधाचा धडा. आम्हांस मात्र वाटतें कीं, दारूनें आरंभिलेला नाश पुरा होतो तो सिंधूच्या त्या जबानीनें. कारण जिनें सर्व पाहिलें व सोसलें, तीच साक्ष देण्याचें नाकारते.

ज्या विदर्भांत गडकऱ्यांनीं देह ठेविला, त्याच्याच पूर्वेकडील अरण्यप्रदेशांत पुढें अनेक सिंधूंनीं आपली जबानी बदलली. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साहाय्यानें लोकचळवळ उभी राहिली, गांवोगांवच्या स्त्रिया घरांतील दुःख उघडपणें बोलूं लागल्या आणि १९९३ सालीं तेथें दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील स्त्रिया पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखालीं २०१० सालीं चिमूरहून पायीं निघून नागपूरच्या विधानभवनावर गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून त्या जिल्ह्यांतही बंदी आली.

हा शेवट सुखान्त म्हणावा, तर तसेंही नाहीं. चोरटी दारू थांबेना, बंदी निष्फळ ठरली असा युक्तिवाद झाला आणि २०२१ सालीं चंद्रपूरची बंदी शासनानें उठविली. गडचिरोलीची मात्र कायम राहिली. कायद्याच्या यशापयशाविषयीं मतभेद असणें स्वाभाविकच आहे. परंतु बंदी उठली म्हणून त्या स्त्रियांचें बोलणें व्यर्थ गेलें असें म्हणवत नाहीं. फौजदाराच्या प्रश्नास सिंधूनें जें उत्तर दिलें नाहीं, तें त्यांनीं भर रस्त्यावर दिलें होतें. आणि एकदां दिलेली ती साक्ष कोणत्याही शासकीय निर्णयानें परत घेतां येत नाहीं.