परळच्या प्रयोगशाळा आणि रक्ताचा कर्करोग

आमच्या भोकरदनात एखाद्या घरी रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले, की पूर्वी एकच नाव उच्चारले जाई : टाटा. आता छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तरीही जालन्याला जाऊन मुंबईची गाडी धरणारी कुटुंबे आहेतच. ज्या औषधाच्या आशेने ती परळला पोहोचतात, त्याच्या इतिहासाची पहिली पाने त्याच परिसरात, टाटा रुग्णालय उभे राहण्याच्याही आधी लिहिली गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सन १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईस आल्या. त्यांचे काम हाफकिन संस्थेत चाले. ही वास्तू म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरांचा जुना वाडा. आणि त्याही आधी, पोर्तुगीज अमदानीत, तेथे आपल्या धर्मगुरूंचा मठ होता. १८९९ पासून तेथे प्लेगची प्रयोगशाळा नांदत होती. विल्सबाईंपुढचा प्रश्न मात्र प्लेगचा नव्हता. गिरणगावातील गरीब गरोदर स्त्रिया एका विलक्षण पंडुरोगाने दगावत होत्या. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीहून मोठ्या असत. जंतुसंसर्गाचा माग काढून पाहिला. तो लागला नाही. मग बाईंनी या स्त्रियांच्या ताटात काय पडते, याची चौकशी आरंभली. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यात रोग अधिक. पुढे उंदीर आणि माकडे यांच्यावर प्रयोग झाले, आणि गुण आला तो यीस्टच्या अर्काने. इंग्रज लोक पावाला लावून खातात तो ‘मार्माईट’ नावाचा काळा, खारट, स्वस्त लेप या स्त्रियांना दिल्यावर त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर भोगवर्धनच्या सामान्य दात्यांची नावे दोन हजार वर्षे टिकून आहेत. परळच्या प्रयोगशाळेला ज्यांनी आपले रक्त दिले, त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव या इतिहासात कोणी घेत नाही. आम्हांस हे खटकते.

यीस्टमधील ते अनाम द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले, आणि १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रपुत्राच्या पथकाने ते प्रयोगशाळेत घडविले. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना त्याचीच संयुगे देऊन पाहिली, तर रोग अधिकच बळावला! दुसरा कोणी निराश झाला असता. फार्बरांनी उलटा विचार केला : जे द्रव्य रोगट पेशींना पोसते, त्याच्यासारखेच दिसणारे पण पोषण न करणारे द्रव्य दिले तर? सुब्बारावांच्या सहकाऱ्यांनी अशी फसवी संयुगे तयार केली होती. त्यांपैकी अमिनोप्टेरिन १९४७ च्या अखेरीस वापरण्यात आले. जून १९४८ च्या अहवालात १६ मुलांची हकिकत आहे. १० मुलांना उतार पडला, तोही काही महिन्यांचाच. परंतु या रोगाला औषध लागू पडते, हे सिद्ध झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले.

इकडे १९३१ मध्येच मेहेरबाई टाटा याच रोगाने वारल्या होत्या. सर दोराबजींनी १९३२ मध्ये त्यांच्या नावाने न्यास स्थापून ल्युकेमियाच्या संशोधनास द्रव्य दिले, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर टाटा स्मारक रुग्णालय उघडले. (ते ज्या रस्त्यावर आहे, त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय शल्यविशारदाचे नाव आहे.) १९५२ मध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. तेथे पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या हे तंत्र शिकून आल्या होत्या. पेशी शरीराबाहेर जगवायच्या म्हणजे काचेचे प्रत्येक भांडे निर्जंतुक हवे, उष्मा शरीराइतका हवा, आणि वेळच्या वेळी पोषक द्रव बदलायला हवा; तान्ह्या मुलाचे करावे तसेच ते काम. उंदरांच्या पैदाशीवर रक्ताच्या, स्तनाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा अभ्यास त्यांनी चालविला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

पुढे टाटा रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी अस्थिमज्जारोपण यशस्वी केले. रणदिवेबाईंच्या संस्थेचे वारस असलेले ‘ॲक्ट्रेक’ आज खारघरला आहे. टाटा स्मारक केंद्र आणि मुंबईची आयआयटी यांनी मिळून रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना रोगट पेशी ओळखावयास शिकविणारा ‘नेक्सकार-१९’ हा उपचार सिद्ध केला; ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला शासनाची मान्यता मिळाली. परदेशात अशा उपचारास कोट्यवधी रुपये पडतात, येथे काही लाखांत भागते. तेही काही लाख भोकरदनच्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हेत, हे सांगितलेच पाहिजे.

त्याच्या आवाक्यात आहे ती मेथोट्रेक्झेटची गोळी, अमिनोप्टेरिनची धाकटी बहीण. तीव्र ल्युकेमियातून सावरत असलेले मूल घरी परतल्यावरही दीर्घकाळ, आठवड्यातून एकदा, ती घेत राहते.