विपास्काच्या कांस्यपटांतली खाण

पोर्तुगालच्या दक्षिणेला, अलेंतेजू प्रांतात अल्जुस्त्रेल हे खाणींचे गाव आहे. रोमन काळात त्याला विपास्का म्हणत. तिथल्या अल्गारेस खाणीजवळच्या जुन्या धातुमळीच्या ढिगाऱ्यांत १८७६ साली एक आणि १९०६ साली दुसरा, असे दोन कोरीव कांस्यपट सापडले. अल्गारेसची खाण आता बंद आहे. तिथे चांदी आणि तांबे कसे काढले जात होते, हे सांगणारे दोन साक्षीदार आपल्यापाशी आहेत: हे पट आणि तिथला खडक. दोघांची साक्ष एकत्र घेतली तरच ती खाण नीट समजते.

पहिला पट वस्तीचा आहे. लिलावावरचा कर, चांभार, न्हावी आणि परीट यांचे मक्ते आणि स्नानगृहाची व्यवस्था त्यात येते. स्नानगृहात बायकांना एक आस (हे रोमन नाणे) आणि पुरुषांना अर्धा आस आकार होता. लहान मुले आणि सैनिक यांना तो माफ होता. शाळामास्तरांनाही खाणीच्या कारभाऱ्याने सवलत दिली होती. म्हणजे हा चार दिवसांचा तळ नव्हता, इथे बायकामुलांसह लोक राहत होते.

दुसरा पट म्हणजे उल्पियस एलियानस नावाच्या माणसाला लिहिलेले पत्र, आणि त्यात खाणविहिरींचे नियम आहेत. सम्राट हेड्रियनच्या औदार्याचा त्यात उल्लेख आहे. मृत सम्राटाला दिली जाणारी ‘दैवी’ ही पदवी त्याच्या नावामागे लावलेली नाही. त्यामुळे हे पत्र त्याच्या हयातीतले, इ. स. ११७ ते १३८ या काळातले ठरते.

आता खडक पाहू. अल्जुस्त्रेल ज्या पट्ट्यात येते तो दक्षिण पोर्तुगालपासून स्पेनमधल्या सेव्हिलपर्यंत सुमारे २५० किलोमीटर पसरला आहे. जवळजवळ ३५ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता आणि त्याच्या तळाशी ज्वालामुखी जागे होते. तळाच्या भेगांतून वर येणाऱ्या उष्ण पाण्यातून लोह, तांबे, जस्त आणि शिसे यांची गंधकयुक्त खनिजे साचली. पुढे हा भाग जमिनीवर आला आणि पावसापाण्याने वरचा थर कुजवला. गंधक निघून गेले आणि माथ्यावर लालसर लोहमय टोपी उरली. अशा टोपीत आणि तिच्या तळाशी चांदी एकवटते. तांबे मात्र विरघळून खाली झिरपते आणि भूजलाच्या पातळीच्या आसपास पुन्हा साचते. म्हणूनच एकाच टेकडीत वर चांदी आणि खाली तांबे, अशी मांडणी तयार होते.

पटातले नियम या मांडणीशी जुळतात. चांदीच्या आणि तांब्याच्या विहिरींसाठी वेगवेगळी कलमे आहेत. खाणीतले पाणी बाहेर काढणाऱ्या बोगद्यापासून चांदीची विहीर दोन्ही बाजूंनी किमान ६० फूट दूर असावी लागे, तांब्याची १५ फूट. पटात या फरकाचे कारण दिलेले नाही. मला ते खडकात दिसते: वरचा कुजलेला थर भुसभुशीत असतो, त्यात बोगद्यालगत खोदले तर बोगदाच ढासळायचा. आणि तो बुजला तर एकट्यादुकट्याची विहीर नव्हे, सगळी खाण पाण्याखाली जाते.

काम थांबवण्याविषयीची कलमेही अशीच वाचावीत. विहीर ताब्यात घेणाऱ्याला खर्चाची तजवीज करायला २५ दिवस मिळत. काम सुरू करून त्याने सलग १० दिवस ते बंद ठेवले, तर ती विहीर दुसऱ्याला घेता येई. खजिन्याने विकलेल्या विहिरीला ही मुदत सहा महिन्यांची होती. प्रत्येक विहिरीला पक्के टेकू हवेत आणि कुजलेले लाकूड बदलून नवे लावले पाहिजे, असेही स्पष्ट बजावले आहे. यामागे महसुलाची ओढ होतीच. विहिरीतला अर्धा वाटा खजिन्याचा असे, आणि चांदीच्या विहिरीतल्या त्या वाट्याची किंमत ४,००० सेस्टर्स होती. त्या काळी साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार १,२०० सेस्टर्स होता. ही रक्कम भरण्याआधी कोणी खनिज वितळवले, तर त्याचा वाटा जाई आणि चुगली करणाऱ्याला चौथा हिस्सा मिळे. पण महसुलाइतकीच निकड पाणी उपसण्याची होती. दहा दिवस ओस पडलेली विहीर शेजारच्या विहिरींनाही धोका ठरते.

एवढा कडक कायदा असूनही खाण अखंड चालली नाही. अल्जुस्त्रेललाच मिळालेला एक शिलालेख इ. स. १७३ चा आहे. त्यात बेरिलस या कारभाऱ्याला खाणी पुन्हा उभ्या करणारा म्हणून गौरवले आहे. इ. स. १६५ पासून रोमन साम्राज्यात मोठी साथ पसरली होती, आणि खनिज वितळवताना हवेत उडून ग्रीनलंडच्या बर्फात साचलेल्या शिशाच्या कणांत त्याच सुमारास घट दिसते. विपास्काची खाण याच साथीमुळे थांबली असे शिलालेख म्हणत नाही. तारखा मात्र त्याच दिशेला बोट दाखवतात.

हेड्रियनचा कायदा विहीर ओस टाकणाऱ्याला हुसकावू शकत होता. तिथे उतरायला माणसेच उरली नाहीत, तर त्याच्यापाशी उपाय नव्हता. खाणीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने दप्तरातल्या प्रत्येक आकड्यापाशी थांबून तिथला खडक, पाणी आणि माणसे यांची विचारपूस करावी. ६० आणि १५ फुटांचा अर्थ त्याशिवाय लागत नाही.